प्लास्टिकच्या डबीतले सोने : जुन्या अमेरिकन सुवर्णनाण्यांच्या प्रतवारी सेवेचे परीक्षण

न्यू जर्सीत राहून मी गेली अकरा वर्षे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन सोन्याची नाणी जमवतो आहे. छंद महागडा असल्यामुळे वर्षाकाठी एखाददुसरेच नाणे घरी येते आणि त्या एका नाण्यामागे कित्येक संध्याकाळी जुन्या लिलावांची छायाचित्रे पाहण्यात जातात. प्रत्यक्ष नाण्यांखालोखाल मी ज्या गोष्टीवर पैसे खर्च केले ती गोष्ट म्हणजे प्रतवारीची सेवा. नाणे टपालाने पाठवायचे, तज्ज्ञांनी ते खरे की खोटे हे तपासायचे, त्याची झीज आणि पृष्ठभाग पाहून त्याला अंक द्यायचा आणि पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करून ते परत धाडायचे, असे या सेवेचे स्वरूप आहे. त्या डबीला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. अमेरिकेत या कामात दोन कंपन्यांचे नाव सर्वांत मोठे आहे. १९८६ साली सुरू झालेली पीसीजीएस आणि १९८७ साली सुरू झालेली एनजीसी. दोघींची कामाची पद्धत जवळपास सारखीच असल्यामुळे हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नसून या सेवेचे आहे, आणि मी पाठवलेल्या तीन नाण्यांच्या आधारे ते लिहितो आहे.

अशा सेवेची गरज का पडते हे कळायला आधी या नाण्यांचा थोडा इतिहास माहीत असावा लागतो. १७९२ च्या कायद्याने अमेरिकेची टांकसाळ फिलाडेल्फियाला उभी राहिली आणि सोन्याची तीन नाणी ठरली. दहा डॉलरचे ईगल, पाच डॉलरचे हाफ ईगल आणि अडीच डॉलरचे क्वार्टर ईगल. कॅलिफोर्नियात १८४८ च्या जानेवारीत सोने सापडले आणि लगेच पुढच्या वर्षी एक डॉलरचे चिमुकले नाणे व वीस डॉलरचे डबल ईगल यांची भर पडली. डबल ईगल ३३.४३६ ग्रॅमचे, म्हणजे आपल्या पावणेतीन तोळ्यांहून थोडे अधिक भरते. ते तळहातावर ठेवले की त्याचा भार प्रथमच हाती घेणाऱ्याला चकित करतो. १८३७ पासून या सगळ्या नाण्यांत नव्वद टक्के सोने आणि उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा. आपल्या हिशेबाने हे साडेएकवीस कॅरटच्या किंचित वरचे सोने झाले.

नवख्या माणसाचा पहिला गैरसमज असा असतो की नाणे जितके जुने तितके ते दुर्मीळ, आणि दुसरा असा की टांकसाळीने ज्या साली कमी नाणी पाडली त्या सालचे नाणे आज कमी मिळणार. खरा प्रश्न किती पाडली हा नसून किती वाचली हा आहे. १८३४ पूर्वीच्या नाण्यांत त्यांच्या दर्शनी किमतीपेक्षा जास्त किमतीचे सोने होते. त्यामुळे ती व्यवहारात टिकलीच नाहीत, व्यापाऱ्यांनी ती परदेशी नेऊन वितळवली. १८३४ साली वजन कमी केल्यावरच सोन्याची नाणी लोकांच्या खिशात राहू लागली. १८२२ चे हाफ ईगल टांकसाळीच्या नोंदीनुसार १७,७९६ पाडले गेले, परंतु आज जगात त्याची फक्त तीन नाणी माहीत आहेत. त्यांतली दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात असल्याने ती बाजारात येणार नाहीत, आणि तिसरे २०२१ च्या मार्च महिन्यात ८४ लाख डॉलरला विकले गेले. याउलट १८८१ साली फिलाडेल्फियाने ५७ लाखांहून अधिक हाफ ईगल पाडले आणि त्यांतली इतकी शिल्लक आहेत की साधारण प्रतीच्या नाण्याला आजही सोन्याच्या भावापेक्षा फारसे जास्त पैसे पडत नाहीत.

पुढचा मोठा घाला १९३३ साली पडला. ५ एप्रिल १९३३ च्या अध्यक्षीय आदेशाने नागरिकांनी आपल्याजवळची सोन्याची नाणी बँकांत जमा करावीत असे फर्मान निघाले आणि जमा झालेली असंख्य नाणी पुढे वितळवून त्यांच्या लगडी केल्या गेल्या. संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेल्या दुर्मीळ नाण्यांना त्या आदेशातच सूट होती. ते एक वाक्य त्यात नसते तर आज आम्ही ज्यांचा अभ्यास करतो त्यांतली किती नाणी उरली असती याचा विचारही नकोसा वाटतो. आणखी एक गोष्ट घडली होती. आंतरराष्ट्रीय देणी भागवण्यासाठी युरोपातल्या बँकांकडे आधीच गेलेल्या नाण्यांच्या थैल्या तिथल्या तिजोऱ्यांत सुखरूप राहिल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या हळूहळू परतू लागल्या तेव्हा तोवर दुर्मीळ समजली जाणारी काही साले एकाएकी सहज मिळू लागली. म्हणून या क्षेत्रात ‘दुर्मीळ’ हा शब्द आजच्या तारखेपुरताच खरा असतो. १८५७ च्या सप्टेंबरात ‘सेंट्रल अमेरिका’ ही आगबोट कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन येताना वादळात बुडाली आणि १९८८ साली तिचा माग लागला. त्यातून १८५७ सालीच सॅन फ्रान्सिस्कोत पाडलेली हजारो डबल ईगल जणू कालच साच्यातून निघाल्यासारखी वर आली. त्याआधी १८५७ चे सॅन फ्रान्सिस्कोचे इतके ताजे डबल ईगल पाहायला मिळणे हेच भाग्य होते. आता ते पैसे असलेल्या कोणालाही घेता येते.

आता टांकसाळीच्या खुणेविषयी, कारण नाण्याची किंमत दसपट वाढवणारी किंवा घटवणारी गोष्ट पुष्कळदा हे एकच बारीक अक्षर असते. फिलाडेल्फियाच्या त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांवर अक्षर नसते. न्यू ऑर्लीन्सचे ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोचे ‘एस’, नेवाडातील कार्सन सिटीचे ‘सीसी’. उत्तर कॅरोलायनातील शार्लटचे ‘सी’ आणि जॉर्जियातील डाहलोनेगाचे ‘डी’ ही दोन अक्षरे मला सर्वांत जवळची आहेत. या दोन गावांच्या आसपास कॅलिफोर्नियाच्या कितीतरी आधी सोने सापडले होते आणि ते तिथेच नाण्यांत घालता यावे म्हणून १८३८ साली तिथे टांकसाळी सुरू झाल्या. यादवी युद्ध सुरू झाले तसे १८६१ साली त्यांचे काम थांबले ते कायमचे. या दोन ठिकाणी सोन्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही धातूचे नाणे कधी पाडले गेले नाही. पुढे १९०६ साली डेन्व्हरच्या टांकसाळीला हेच ‘डी’ अक्षर मिळाले, त्यामुळे साल न पाहता नुसते अक्षर पाहून फसणारे लोक मी पाहिले आहेत.

मी पाठवलेली तीन नाणी अशी होती. पहिले १८८१ चे फिलाडेल्फियाचे हाफ ईगल. दुसरे १८५१ चे एक डॉलरचे सोन्याचे नाणे, जे एका घरगुती सामानाच्या विक्रीत दागिन्यांच्या ढिगातून मिळाले होते. तिसरे १८५३ चे डाहलोनेगाचे हाफ ईगल, ज्यासाठी मी दोन वर्षे पैसे बाजूला काढले होते. हे तिसरे नाणे मी एका नाणेमेळ्यात एका व्यापाऱ्याकडून डबीविना, नुसते कागदी चौकटीत लावलेले घेतले होते. चौकटीवर पेन्सिलीने ‘एयू’ लिहिले होते, म्हणजे अगदी थोडे वापरलेले, जवळजवळ कोरे. त्याने सांगितले की ते एका जुन्या घराण्याच्या संग्रहातून आले आहे. दिव्याखाली नाणे इतके उजळ दिसत होते की मी फार विचार केला नाही.

घरी आणल्यावर मी माझ्यापरीने तपासणी केली. हाफ ईगलचे प्रमाणित वजन ८.३५९ ग्रॅम आणि व्यास २१.६ मिलिमीटर, माझे नाणे दोन्ही कसोट्यांना उतरले. पाण्यात बुडवून विशिष्ट गुरुत्व काढले तर तेही नव्वद टक्के सोन्याला शोभेलसे, १७.२ च्या आसपास आले. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वजन आणि कस बरोबर आला म्हणजे नाणे खरे, असे समजू नये. विसाव्या शतकाच्या मध्यावर लेबनानसारख्या ठिकाणी पूर्ण कसाच्या सोन्यात नकली अमेरिकन नाणी पाडली गेली आहेत, कारण संग्राहक देत असलेली किंमत आतल्या सोन्यापेक्षा जास्त होती. शिवाय स्वस्त सालाच्या खऱ्या नाण्यावर टांकसाळीचे अक्षर नंतर चिकटवून ते महाग करणारेही असतात. अशा वेळी तराजू काही सांगत नाही; हजारो नाणी डोळ्यांखालून गेलेली माणसेच काय ते सांगू शकतात, आणि या सेवेला पैसे द्यायचे ते मुख्यतः याच नजरेसाठी.

पाठवण्याची पद्धत सरळ आहे. सभासद व्हायचे, अर्ज भरायचा, प्रत्येक नाण्याची अंदाजे किंमत स्वतः लिहायची; त्या किमतीनुसार शुल्काची पायरी ठरते आणि विम्याची रक्कमही. नाणे मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालू नये, कारण त्यातून हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. पीव्हीसी नसलेल्या कडक पाकिटात घालून नोंदणीकृत टपालाने ते पाठवायचे. तिथे पोचल्यावर नाण्यावरून मालकाचे नाव निघून जाते आणि एकाहून अधिक तपासनीस, एकमेकांचे मत न पाहता, त्याला अंक देतात. हा अंक १ ते ७० असतो. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ही मोजपट्टी तयार केली होती आणि पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. ६० पासून वर ‘एमएस’, म्हणजे व्यवहारात कधीच न आलेले नाणे. ५८, ५५, ५३, ५० हे ‘एयू’. ४५ आणि ४० हे ‘एक्सएफ’. आणि त्याखाली झिजत गेलेल्या पायऱ्या.

तिन्ही नाणी परत आली तेव्हा १८८१ च्या हाफ ईगलला एमएस-६२ हा अंक मिळाला होता. मी साधारण तेवढाच धरला होता, त्यामुळे आनंद झाला असे नाही आणि दुःखही झाले नाही. परंतु व्यवहार म्हणून पाहिले तर हे नाणे पाठवणे चूक होती असे मी आज म्हणेन. ज्या नाण्याची किंमत मुळात आतल्या साडेसात ग्रॅम शुद्ध सोन्यावर ठरते, त्याच्या बाबतीत शुल्क, जाण्यायेण्याचे टपाल आणि विमा मिळून जो खर्च होतो तो विक्रीत क्वचितच भरून निघतो. एमएस-६५ आणि त्यावरच्या प्रतीचे नाणे हाती आहे अशी पक्की खात्री असेल तरच अशा सर्वसाधारण सालाचे नाणे पाठवावे.

एक डॉलरच्या नाण्याची हकिगत वेगळी आहे. १८५१ साली ही नाणी ३३ लाखांहून अधिक पाडली गेली. तेरा मिलिमीटर व्यासाचे, दीड ग्रॅमच्या थोडे वर भरणारे हे नाणे इतके लहान की दारात सांडले तर तांदळाच्या दाण्यासारखे शोधावे लागेल. त्या काळी ही नाणी कर्णफुले, पिना आणि गळ्यातल्या साखळ्यांना सर्रास लावली जात. आपल्याकडे पुतळ्यांची माळ करायचे त्यातलाच हा प्रकार. मी ते भिंगातून दोनदा पाहिले होते आणि मला काही आढळले नव्हते. त्या उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे आले होते. त्यांची हयात कोल्हापूरच्या गुजरीत सराफीत गेली आहे. जेवणानंतर मी कौतुकाने ते नाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाणे चिमटीत धरून खिडकीकडे वळवले, कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, “जावईबापू, याला कडी लावलेली होती हो. इथे बघा, बारा वाजता जिथे काटा येतो तिथे डाग दिलाय आणि मग कानसलाय.” मी पुन्हा भिंग घेतले. वरच्या कडेवरच्या उभ्या रेघा साधारण दोन मिलिमीटर जागेत बुजल्या होत्या आणि तिथल्या सोन्याचा रंग एका छटेने फिका होता. तीन महिन्यांनी डबी परत आली तेव्हा तिच्यावर अंकाऐवजी हेच लिहिले होते, की कडी काढून टाकलेली आहे. जे निदान सासऱ्यांनी अर्ध्या मिनिटात केले तेच सेवेने केले, आणि या सेवेच्या तपासणीवर माझा जो विश्वास बसला तो या एका योगायोगामुळे पुष्कळ वाढला.

तिसऱ्या नाण्याने मात्र माझी झोप उडवली. डाहलोनेगाच्या हाफ ईगलवर ‘एयू डिटेल्स, क्लीन्ड’ असा शेरा होता. याचा अर्थ असा की नाणे खरे आहे, झीज एयू इतकीच आहे, परंतु ते कधीतरी घासून स्वच्छ केलेले असल्यामुळे त्याला अंक देता येत नाही. अशा शेऱ्याचे नाणे बाजारात अंक मिळालेल्या नाण्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीला जाते. सफाई म्हणजे नेमके काय हे मला तोवर पुस्तकातूनच माहीत होते. त्या रात्री मी ते नाणे दहा पट भिंगाखाली, एकाच दिव्यासमोर, सावकाश कलते करत पाहिले. स्वातंत्र्यदेवतेच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत केसासारख्या बारीक रेषा सगळ्या एकाच दिशेने गेल्या होत्या, जणू कोणी खडबडीत फडक्याने एकाच ओढीने पुसले असावे. थैलीत नाण्यावर नाणे आदळून झालेल्या खुणा अशा नसतात. त्या वेड्यावाकड्या, खोल आणि सुट्या असतात. नंतर देवतेभोवती कोरलेल्या चांदण्यांच्या कडांकडे पाहिले. हात न लागणाऱ्या त्या खोबणींत मूळ तेज आणि थोडा मळ साठलेला असायला हवा होता. तिथेही सगळीकडे सारखाच कोरडा, पिवळाजर्द चकचकाट होता. डाहलोनेगाच्या सोन्यात खाणीतूनच आलेली चांदी असल्याने त्या नाण्यांचा मूळ रंग किंचित हिरवटसर, शांत असतो. माझ्या नाण्याचा जो उजळपणा मला मेळ्यात भावला होता तोच त्याचा दोष होता.

मी त्या व्यापाऱ्याला दूरध्वनी केला. पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहिले होते, ते त्याने मला वाचून दाखवले. त्याची बाजू कागदावर बरोबर होती, त्यामुळे मी वाद वाढवला नाही. परंतु ज्या माणसाच्या दुकानात तीस वर्षे नाणी येत-जात आहेत त्याला त्या रेषा दिसल्या नसतील असे मला वाटत नाही. तेव्हापासून शार्लट किंवा डाहलोनेगाचे नाणे डबीशिवाय घ्यायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि माझ्या मते ही सेवा वापरण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

या सेवेचे सर्वोत्तम उदाहरण माझे नसून २०१८ सालचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने तिच्या पहिल्याच वर्षी, १८५४ साली, अवघे २६८ हाफ ईगल पाडले. त्यांतली तीनच माहीत होती. एक स्मिथसोनियनमध्ये, एक खासगी संग्रहात आणि एक १९६७ साली फ्लोरिडातील ड्यू पाँट कुटुंबाच्या घरातून चोरीस गेलेले, जे आजवर सापडलेले नाही. न्यू इंग्लंडमधल्या एका माणसाकडे असे नाणे होते, पण ज्यांना ज्यांना त्याने ते दाखवले त्यांनी ते नकली ठरवले, कारण असे नाणे एखाद्याच्या घरात सहज निघते यावर कोणाचा विश्वासच बसेना. शेवटी त्याने ते एनजीसीकडे पाठवले. तज्ज्ञांनी ते स्मिथसोनियनच्या नाण्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले, चोरीचे नाणे हे नव्हे याचीही खात्री केली आणि ते अस्सल असल्याचे सांगून त्याला एक्सएफ-४५ हा अंक दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते २१ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. जे नाणे त्या घरात कवडीमोल म्हणून पडून राहिले असते ते एका तपासणीने इतिहासात जाऊन बसले. कॅलिफोर्नियात एका जोडप्याला २०१३ साली आपल्या जागेत गंजलेल्या आठ डब्यांत पुरलेली १,४२७ सोन्याची नाणी मिळाली, त्यांचीही तपासणी आणि प्रतवारी अशीच पीसीजीएसने केली. त्या नाण्यांची दर्शनी किंमत मिळून २७,९८० डॉलर होती आणि बाजारातील अंदाज एक कोटी डॉलरच्या घरात होता. मातीत सव्वाशे वर्षे राहिलेल्या नाण्यांवरचा मळ कसा काढायचा आणि कुठे थांबायचे, हे ज्ञान त्या वेळी किती मोलाचे ठरले असेल हे मला माझ्या १८५३ च्या नाण्यावरून कळते.

आता माझ्या तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार अशी की नेहमीच्या शुल्कात निर्णयामागची कारणे मिळत नाहीत. डबीवरच्या चिठ्ठीवर एक अंक किंवा दोन शब्दांचा शेरा असतो. कोणत्या खुणेमुळे ६३ ऐवजी ६२ मिळाले हे समजत नाही. सोन्याच्या दुकानात कस लावल्यावर सराफ गिऱ्हाइकाला कसोटीवरची रेघ दाखवतो; इथे ती रेघ आपली आपणच शोधायची असते. शिकणाऱ्या माणसासाठी दोन ओळींची टिपणे दिली तर ही सेवा दुप्पट उपयोगी होईल.

दुसरी गोष्ट अंकाच्या स्वरूपाविषयी आहे. अंक हे मत आहे, माप नव्हे. तेच नाणे डबी फोडून पुन्हा पाठवले तर एका अंकाने वर किंवा खाली येऊ शकते, आणि जिथे एका अंकाने किंमत हजारो डॉलरने बदलते तिथे व्यापारी हे वारंवार करून पाहतात. याचा एक दुष्परिणाम असा की प्रत्येक कंपनी जो प्रतनिहाय आकडेवारीचा तक्ता देते, म्हणजे अमुक सालची अमुक प्रतीची किती नाणी आजवर तपासली, त्यात एकच नाणे दोन-तीन वेळा मोजले गेलेले असू शकते. तो तक्ता दुर्मीळतेचा अंदाज घेण्यासाठी उत्तम आहे. शेवटचा शब्द म्हणून तो वापरू नये. शिवाय ५८ आणि ६० यांच्यातली रेघ ही सोन्याच्या नाण्यांत फार फसवी असते. गालावर नि केसांवर किंचित झीज असलेले, पण शांत रंगाचे आणि स्वच्छ पृष्ठभागाचे एयू-५८ नाणे हे थैलीत ठोकर खाऊन खाऊन खरचटलेल्या एमएस-६० पेक्षा कितीतरी देखणे असू शकते. हातात पैसे आणि डोळ्यांत धीर असेल तर मी कोणालाही पहिले घ्यायला सांगेन.

याच अडचणीवर तोडगा म्हणून २००७ साली सीएसी ही संस्था निघाली. आधीच डबीत असलेले नाणे तिथे पुन्हा तपासतात आणि त्या अंकाला ते पक्के उतरत असेल तर डबीवर हिरवा ठसा चिकटवतात. अंकाहून ते सरस वाटले तर सोनेरी. शार्लट आणि डाहलोनेगाच्या नाण्यांत असा हिरवा ठसा असलेली नाणी थोडी आहेत आणि त्यांना लिलावात उघडपणे जास्त बोली लागते, कारण मूळ, न घासलेला पृष्ठभाग हीच या टांकसाळींच्या नाण्यांतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. दुसऱ्या मतासाठी पुन्हा शुल्क मोजावे लागते हे मला आधी खटकले होते. आता खटकत नाही, कारण तिथे अंक नव्याने मिळत नाही, मिळालेला अंक पारखला जातो.

किमतीच्या बाबतीत या सेवेकडून काय अपेक्षा ठेवू नये हेही सांगितले पाहिजे. डबीवर किंमत नसते, आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असलेल्या दरसूचीतले आकडे प्रत्यक्ष मिळणाऱ्या पैशापेक्षा बहुधा चढे असतात. दरसूचीवर विसंबून खरेदी केलेली माझी पहिली दोन नाणी आजही त्या आकड्याला विकता येणार नाहीत. खरी किंमत कळते ती मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या निकालांवरून, जे आज घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. तेच साल, तीच टांकसाळ, तोच अंक असलेल्या गेल्या चार-पाच वर्षांतल्या दहा विक्री काढाव्यात, छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवावीत, आणि एकाच अंकाची दोन नाणी वेगवेगळ्या भावाला का गेली हे स्वतःला विचारावे. त्या निकालातल्या रकमेत खरेदीदाराने लिलावगृहाला वेगळे दिलेले पैसे मिळवलेले असतात. विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते, हे विसरल्यामुळे अनेकांचा हिशेब चुकतो. सोन्याचा भाव चढला की साध्या सालांच्या किमती लगेच त्याच्याबरोबर चढतात, पण खरोखर दुर्मीळ नाण्यांच्या किमती आपल्या वेगळ्याच गतीने चालतात. म्हणून सोन्यातली गुंतवणूक आणि नाण्यांचा संग्रह या दोन गोष्टींची वही वेगळी ठेवावी.

एक सावधगिरी अनिवार्य आहे. डब्यासुद्धा नकली निघतात. चिठ्ठीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, आणि तिथे त्या नाण्याचे छायाचित्र असेल तर त्यातली प्रत्येक बारीक खूण समोरच्या नाण्याशी जुळवावी. क्रमांक जुळला एवढ्यावर समाधान मानू नये, कारण खऱ्या डबीचा क्रमांक उचलून नकली डबीवर छापणे अवघड नाही.

ही सेवा कोणी वापरावी असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे. दक्षिणेकडील टांकसाळींची नाणी, कार्सन सिटीची नाणी, १८३४ पूर्वीची कोणतीही सोन्याची नाणी आणि वारशाने आलेले अनोळखी नाणे यांच्यासाठी शुल्क बिनदिक्कत द्यावे. १८८० नंतरच्या फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सर्वसाधारण हाफ ईगलसाठी देऊ नये. त्यापेक्षा आधीच डबीत असलेले नाणे घ्यावे. खरेपणा आणि सफाई या दोन निर्णयांबाबत मी या सेवेला पाचपैकी पाच गुण देईन, अंकाच्या बारकाव्याबाबत साडेतीन, आणि ग्राहकाला समजावून सांगण्याबाबत दोन.

गेल्या हिवाळ्यात मी १८५३ चे डाहलोनेगाचे दुसरे हाफ ईगल घेतले. लिलावाच्या आधी तीन रात्री मी त्याची छायाचित्रे पाहिली. त्याचा अंक एक्सएफ-४५ आहे, म्हणजे माझ्या पहिल्या नाण्यापेक्षा ते जास्त झिजलेले आहे. गरुडाच्या पंखांची पिसे वरच्या बाजूला सपाट झाली आहेत आणि देवतेच्या कपाळावर एक जुना टोला आहे. परंतु चांदण्यांच्या भोवती दीडशे वर्षांचा मातकट काळपटपणा जसाच्या तसा आहे, सोन्याला ती हिरवट झाक आहे आणि मोकळ्या जागेत एकही रेष समांतर गेलेली नाही. त्याला मी पहिल्यापेक्षा जास्त पैसे मोजले. दोन्ही नाणी आता एकाच खणात शेजारी शेजारी आहेत, आणि कोणी नवखा संग्राहक घरी आला की मी दोन्ही डब्या दिव्याखाली ठेवून त्याला आधी कोणते आवडते ते विचारतो.